टर्नटेबलचा वेग पुन्हा पुन्हा बिघडतो: मोटर आणि पॉवर सप्लाय बदलण्यापूर्वी आणि बदलताना

बेल्टवर चालणाऱ्या टर्नटेबलची एक तक्रार सतत ऐकू येते. लांबवलेल्या स्वरांवर सूर हेलकावू लागतो, किंवा पहिली तबकडी नीट वाजते आणि अर्ध्या तासाने सगळेच गाणे किंचित उतरल्यासारखे वाटते. नवा बेल्ट घातला की काही आठवडे बरे जातात आणि मग तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. त्यानंतर मोटर बदलली जाते आणि तीही काही दिवस समाधान देते. शेवटी चांगला बाहेरचा पॉवर सप्लाय आणला जातो, तरी हेलकावा होता तिथेच राहतो. असे होण्याचे कारण बहुतेक वेळा नव्या भागांच्या दर्जात नसते. वेगाचे दोष चार-पाच वेगळ्या जातींचे असतात आणि मोटर किंवा पॉवर सप्लाय बदलून त्यांतले काहीच सुटतात. म्हणून भाग मागवण्यापूर्वी दोष किती वेळाने परत येतो हे मोजावे, असा माझा आग्रह आहे, कारण त्या एका आकड्यावरून दोषी भाग बहुधा ओळखता येतो.

आधी वेग खरा किती आहे ते पाहा

सरासरी वेग तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. प्लॅटरच्या, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाची बारीक पट्टी चिकटवावी आणि स्टॉपवॉच लावून फेरे मोजावेत. मिनिटाला ३३.३३ फेऱ्यांच्या वेगाने १०० फेरे बरोबर १८० सेकंदांत पुरे होतात आणि ४५ च्या वेगाने तेवढ्याच वेळात १३५ फेरे होतात. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तरी निकालात साधारण ०.१ टक्क्याचाच फरक पडतो, आणि सरासरी वेगासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे. फोन प्लॅटरवर ठेवून त्यातला जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) वापरणारी अॅप्स हेलकाव्याचा आकार फार चांगला दाखवतात, परंतु त्यांनी सांगितलेला सरासरी वेग फोनच्या सेन्सरवर अवलंबून असतो. त्यामुळे तो आकडा फेरे मोजूनच पक्का करावा.

स्ट्रोब डिस्कबद्दल, म्हणजे प्लॅटरवर ठेवून लुकलुकत्या दिव्याखाली पाहायच्या रेषांच्या चकतीबद्दल, थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावरच्या विश्वासामुळे अनेकांची दिशाभूल होते. ५० हर्ट्झच्या विजेवर जळणारा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३.३३ साठीच्या वर्तुळात १८० रेषा असतात. ६० हर्ट्झसाठी त्या २१६ असतात. रेषा मिनिटाला सहा घरे पुढे सरकल्या तर ५० हर्ट्झच्या डिस्कवर वेग ०.१ टक्का जास्त आहे, मागे सरकल्या तर तेवढाच कमी आहे. आता अडचण अशी की मोटर सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या वारंवारतेच्या तालावरच फिरणारी, असेल आणि दिवाही त्याच विजेवर असेल, तर विजेची वारंवारता घसरली की मोटर आणि दिवा दोन्ही एकदमच घसरतात. रेषा मात्र जागच्या हलत नाहीत. वारंवारता ५० ऐवजी ४९.८ झाली तर गाणे ०.४ टक्के उतरते आणि डिस्क मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवते. अशा वेळी विजेवर अवलंबून न राहता क्वार्ट्झ क्रिस्टलच्या स्थिर तालावर चालणारा स्ट्रोब दिवा हवा. छतावरच्या बहुतेक एलईडी दिव्यांखाली तर रेषा स्पष्ट दिसतच नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर लुकलुक बरीचशी दाबून टाकतो.

किती चूक चालेल याचा अंदाज असा घ्यावा. एका अर्धस्वरात जवळजवळ सहा टक्क्यांचे अंतर असते आणि एक टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). कायमची ०.३ टक्क्याची चूक फार थोड्या कानांना कळते. परंतु तेवढाच वेग सेकंदाला चार वेळा वरखाली झाला, तर पियानोचा लांबवलेला स्वर किंवा तंबोऱ्याची आस थरथरते आणि ती थरथर सहज ऐकू येते. वेगातील चढउतार मोजणाऱ्या मीटरांमध्ये कानाच्या संवेदनेनुसार जो फिल्टर वापरतात, त्याचा सर्वांत तीव्र बिंदूही ४ हर्ट्झच्या आसपासच ठेवलेला आहे.

हेलकाव्याचा काळ आणि दोषी भाग

३३.३३ वर प्लॅटरचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. हेलकावा नेमका याच तालात येत असेल तर पहिला संशय टर्नटेबलवर नव्हे, तबकडीवर घ्यावा. तबकडीचे भोक ०.२ मिलिमीटर बाजूला असेल, तर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर ±०.२ टक्के आणि आतल्या ६० मिलिमीटरच्या खोबणीवर ±०.३३ टक्के इतका सूर हलतो. हा हेलकावा कोणतीही मोटर काढू शकत नाही. ३१५० हर्ट्झचा स्वर असलेली चाचणी तबकडी वापरतानाही तिच्या भोकाची चूक मापात मिसळते. जायरोस्कोप फक्त प्लॅटरच्या फिरण्याकडे पाहतो, म्हणून चाचणी तबकडीवर हेलकावा दिसला आणि जायरोस्कोपवर दिसला नाही, तर प्रकरण तिथेच मिटले असे समजावे. दोन्हीवर दिसला तर मुख्य बेअरिंग, आतला प्लॅटर (मोठ्या प्लॅटरखालची लहान थाळी, जिच्यावर बेल्ट चढतो) किंवा त्याची वाकडी कड तपासावी लागेल.

बेल्टचा दोष ओळखणे अधिक अवघड आहे, कारण त्याचा ताल प्लॅटरच्या तालाच्या फार जवळ पडतो. उदाहरणादाखल २० मिलिमीटर व्यासाची पुली (मोटरच्या दांड्यावरची बेल्टची चाकी), १५० मिलिमीटरचा आतला प्लॅटर आणि ५४० मिलिमीटरच्या आसपास लांबीचा बेल्ट घेऊ. ३३.३३ वर बेल्ट सेकंदाला सुमारे २६२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे त्याचा एक फेरा दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ घेतो. कानाला १.८ आणि २.०७ सेकंदांतला फरक समजत नाही. पूर्ण मिनिटभर मोजले तर मात्र प्लॅटरचे हेलकावे ३३ भरतात आणि बेल्टचे २९. बेल्टवर पांढऱ्या पेन्सिलीने एक खूण करून हेलकाव्याच्या वेळी ती खूण कुठे असते ते पाहिले, तर निदान आणखी पक्के होते. बेल्टच्या जोडावर किंवा जाडीत फरक असलेल्या जागी दोष सापडतो.

मोटर आणि पुली यांचा ताल याहून बराच जलद असतो. २४ पोलची (चुंबकीय ध्रुवांची) सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला २५० आणि ६० हर्ट्झवर ३०० फेरे घेते. सेकंदाच्या हिशेबात हे ४.१७ आणि ५ होतात. कानाला सर्वांत जास्त खुपणारा जो पट्टा वर सांगितला, त्यातच हा ताल येतो. त्यामुळे पुलीची लहानशी वक्रताही महाग पडते. २० मिलिमीटरची पुली ०.०२ मिलिमीटर बाजूला फिरत असेल तर बेल्टचा वेग ±०.२ टक्के हलतो. जड प्लॅटर आणि बेल्टची लवचीकता त्यातला काही भाग गिळतात, पण सगळा नाही.

हा दोष नवी मोटर बसवल्यावर हमखास उपटतो. त्याचे कारण जवळून पाहण्यासारखे आहे. पुलीचे भोक मोटरच्या दांड्यापेक्षा कणभर मोठे असावेच लागते, नाहीतर ती सरकवता येणार नाही. तिचा एकमेव ग्रब स्क्रू (पुली दांड्यावर घट्ट करणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की पुली पूर्णपणे त्या फटीच्या एका बाजूला खेचली जाते आणि बसवल्या क्षणापासून वाकडी फिरू लागते. डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक पुलीच्या बेल्टच्या पट्ट्यावर टेकवून दांडा हाताने फिरवला की काटा जातो आणि येतो. स्क्रू सैल करून पुली पाव फेरा फिरवून पुन्हा आवळावी आणि काटा सर्वांत कमी हलेल ती जागा शोधावी. समोरासमोर दोन स्क्रू असलेली पुली मिळाली तर ती घ्यावी. माझ्या मते मोटर बदलण्याच्या साऱ्या कामात सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यायला हवा, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात.

उरतो तो कंपनाचा दोष. हा सूर हलवत नाही, तर शांत खोबणीत ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर सोडतो. त्याची परीक्षा अशी करावी. बेल्ट काढून ठेवावा, थांबलेल्या प्लॅटरवर तबकडी ठेवून सुई टेकवावी, आवाज अगदी कमीपासून हळूहळू वाढवावा आणि मोटर चालू-बंद करून पाहावी. मोटर चालू असतानाच घरघर येत असेल तर सुई त्याच जागी तबकडीपासून थोडी वर उचलून पुन्हा ऐकावे. उचलल्यावर आवाज गेला तर मोटरचे कंपन लाकडातून किंवा धातूतून सुईपर्यंत पोचत आहे. उचलल्यावरही आवाज तसाच राहिला तर ते कंपन नव्हे, मोटरच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राने कार्ट्रिजमध्ये (सुई बसवलेल्या, तिची थरथर विजेत बदलणाऱ्या भागात) उमटलेला हम, म्हणजे विजेची गुणगुण, आहे. त्यावर रबर किंवा ग्रोमेट (मोटरच्या स्क्रूभोवतीची रबरी कडी) यांचा उपयोग होत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मर दूर न्यावा लागतो, त्याची दिशा बदलावी लागते किंवा मोटरला चुंबकीय आवरण द्यावे लागते.

मोटरवर आळ घेण्याआधी

मुख्य बेअरिंगमधले तेल सुकले असेल तर मोटरवर भार वाढतो आणि बेल्ट घसरू लागतो. नवा, घट्ट बेल्ट घातला की काही दिवस ही घसरण झाकली जाते. दुखणे काही आठवड्यांनी परत का येते, याचे उत्तर मला सर्वाधिक वेळा इथेच सापडलेले आहे. बेल्ट काढून प्लॅटर हाताने साधारण ३३ च्या वेगावर न्यावा आणि तो थांबेपर्यंतचा वेळ टिपून ठेवावा. मग बेअरिंग उपसून, जुने काळवंडलेले तेल पुसून, उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचे नवे तेल घालावे आणि पुन्हा वेळ घ्यावा. वेळ बराच वाढला तर मोटर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

मोटरच्या दांड्याला आधार देणाऱ्या ब्राँझच्या बुशमध्येही तेल मुरलेले असते आणि वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ते आटते. दोन्ही बुशांवर हलक्या टर्बाइन तेलाचा एकेक थेंब पुरतो. गंज सोडवण्यासाठी मिळणारे फवारे इथे कधीही वापरू नयेत. ते उरलेसुरले तेल धुऊन नेतात आणि मोटर थोडा वेळ सुरेख चालून नंतर आधीपेक्षा जास्त कोरडी पडते. पुली आणि आतल्या प्लॅटरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि बेल्ट हाताळताना बोटांचे तेल त्याला लागू देऊ नये.

नवा बेल्ट जुन्यापेक्षा जाड असेल तर वेग वाढतो, हेही लक्षात ठेवावे. बेल्टची अर्धी जाडी पुलीच्या त्रिज्येत मिळवली जाते आणि पुली लहान असल्याने तिच्यावर त्याचा परिणाम मोठा होतो. वरच्याच उदाहरणात बेल्ट ०.१ मिलिमीटर जाड झाला तर वेग सुमारे ०.४३ टक्के चढतो. ही कायमची चूक असते. तिच्यासाठी मोटर बदलणे व्यर्थ आहे, योग्य जाडीचा बेल्ट आणला की काम होते.

सिंक्रोनस मोटर आणि तिचा कपॅसिटर

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, वारंवारतेवर ठरतो. म्हणून घरातला व्होल्टेज स्टॅबिलायझर जोडून तिचा वेग सुधारेल ही अपेक्षा फोल आहे. व्होल्टेज कमी पडले तर मोटर सुरू होताना अडखळते, फारच कमी पडले तर लय सोडते, म्हणजे विजेच्या तालातून निसटते, पण चालते तोवर बरोबर वेगानेच चालते. सूर तासाभरात हळूहळू उतरत असेल आणि मोटर सिंक्रोनस असेल, तर बेल्टची घसरण किंवा बेअरिंगचा भार हेच उत्तर आहे.

या मोटरमध्ये दोन वायंडिंग (तारेची वेटोळी) असतात आणि त्यांतल्या एकाला कपॅसिटरमधून वीज मिळते, जेणेकरून दोन्ही प्रवाहांमध्ये ९० अंशांच्या जवळपास अंतर पडावे. कपॅसिटर म्हातारा होऊन त्याचे मूल्य घसरले की हे अंतर बिघडते. दोन वायंडिंगांचे बळ असमान होते आणि मोटर वारंवारतेच्या दुप्पट दराने, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झवर, थरथरू लागते. कपॅसिटर पूर्ण निकामी झाला तर मोटर नुसतीच गुरगुरते, किंवा कधी सरळ आणि कधी उलटी फिरते. उलट फिरणाऱ्या मोटरला अनेक जण बाद ठरवतात, वास्तविक बदलायचा असतो तो एक लहानसा भाग. नवा कपॅसिटर फिल्म जातीचा आणि एसीवर कायम चालण्यासाठी बनवलेला असावा. वायंडिंगच्या संगतीत त्याच्यावरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजपेक्षाही जास्त होऊ शकते, म्हणून मूळ भागावर छापलेल्या एसी व्होल्टेजपेक्षा कमी क्षमतेचा भाग लावू नये. डीसीसाठी छापलेला आकडा इथे ग्राह्य नाही, आणि इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तर मुळीच चालणार नाही.

काही टर्नटेबलांमध्ये ११० व्होल्टची मोटर २३० व्होल्टवर चालवण्यासाठी एक मोठा रेझिस्टर ओळीत जोडलेला असतो. तो कायम गरम राहतो आणि कालांतराने त्याचे मूल्य वाढते. मोटर थंड असताना सुरूच होत नाही, हाताने ढकलल्यावर मात्र फिरते, अशी तक्रार असेल तर त्याला मल्टिमीटर लावावा.

ही तपासणी करताना प्लग भिंतीतून काढलेला असावा, केवळ स्विच बंद असून भागत नाही. कपॅसिटर योग्य रेझिस्टरमधून रिकामा केल्याशिवाय त्याला हात लावू नये. मोटरच्या धातूच्या आवरणाला जोडलेली अर्थची तार पुन्हा जागेवर बसवल्याखेरीज खालचे झाकण लावू नये. विजेच्या थेट व्होल्टेजवर काम करण्याची सवय नसलेल्यांनी हा भाग जाणकाराकडून करून घ्यावा.

पॉवर सप्लायने काय साधते

वरचे सारे ठीक असेल, तर मात्र सिंक्रोनस मोटरसाठी स्वतंत्र पॉवर सप्लाय हा खरोखर मोठा फरक घडवतो. त्याच्या आत क्रिस्टलवर आधारलेला साइन तरंगांचा जनक असतो, पुढे एक लहान पॉवर अॅम्प्लिफायर आणि शेवटी व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर. विजेच्या जाळ्यातली वारंवारता कशीही डुलली तरी मोटरपर्यंत ती पोचत नाही. लिन कंपनीच्या एलपी१२ टर्नटेबलसाठी निघालेला वाल्हाला बोर्ड याच विचाराचा होता. त्यानंतरच्या लिंगो या पॉवर सप्लायमध्ये पुलीवरचा बेल्ट न हलवता बटणाने ४५ चा वेगही मिळू लागला. ५० हर्ट्झवर ३३.३३ देणाऱ्या पुलीला ४५ साठी ६७.५ हर्ट्झ लागतात, ६० हर्ट्झच्या पुलीला ८१.

वेगाची बारीक चूकही इथेच सुधारता येते. फेरे मोजून वेग ३३.४८ निघाला, तर ५० ला ३३.३३३ ने गुणून ३३.४८ ने भागावे. उत्तर ४९.७८ हर्ट्झ येते. त्याच प्रमाणात ४५ साठी ६७.२० हर्ट्झ ठेवावे. पुली घासणे किंवा तिच्यावर टेप गुंडाळणे असले उपाय त्यामुळे टळतात.

माझ्या लेखी यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे दोन्ही वायंडिंगांना वेगवेगळे अॅम्प्लिफायर देण्याची सोय. एक कपॅसिटर एकाच वारंवारतेला योग्य अंतर देऊ शकतो. ५० हर्ट्झला जुळवलेला कपॅसिटर ६७.५ वर चुकतो आणि ४५ वर मोटर अधिक गुरगुरते. दोन स्वतंत्र टप्पे असले की कपॅसिटर काढून टाकता येतो आणि दोन तरंगांमधला कोन व त्यांची तुलनात्मक उंची दोन्ही हाताने जुळवता येतात. जुळवणीसाठी वर सांगितलेलीच परीक्षा वापरावी. बेल्ट काढलेला, प्लॅटर थांबलेला, सुई तबकडीवर टेकलेली, आणि कार्ट्रिजचा आवाज संगणकावर घेऊन त्याच्या वर्णपटातल्या १०० हर्ट्झच्या रेषेवर नजर ठेवलेली. कोन एकेक अंश सरकवत गेले की ही रेषा एका जागी स्पष्टपणे खाली बसते. मग उंची थोडी बदलावी, पुन्हा कोन, असे दोन-तीनदा आळीपाळीने केले की किमान सापडते. ते ९० अंशांवरच असेल असे नाही, कारण दोन वायंडिंग अगदी सारखी क्वचितच असतात.

यानंतर व्होल्टेज कमी करावे. प्लॅटरला गती देताना लागणारे बळ नंतर लागत नाही, म्हणून काही सेकंद पूर्ण व्होल्टेज आणि मग ते पाव हिश्श्याने किंवा त्याहून थोडे जास्त उतरवणे, अशी व्यवस्था चांगल्या पुरवठ्यांत असते. मोटर थंड राहते आणि थरथरही उतरते. मात्र तबकडीवर ब्रश टेकवून मोटर लय सोडत नाही ना, हे पाहूनच अंतिम आकडा ठरवावा.

स्वतः बांधणाऱ्यांसाठी ट्रान्सफॉर्मरबद्दल दोन गोष्टी. साधा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून वापरला, तर त्याच्यावर छापलेल्या प्रमाणापेक्षा कमी व्होल्टेज मिळते, कारण छापलेला आकडा भार असतानाचा असतो आणि वायंडिंग त्यासाठी वाढवून गुंडाळलेले असते. म्हणून १२ व्होल्टचा संकेत असेल तर ९ व्होल्टच्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर निवडावा. दुसरे असे की अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर थोडाही डीसी राहिला तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका बाजूला भरून जातो, तरंग विद्रूप होतो आणि जी गुरगुर घालवायची होती तीच नव्याने तयार होते. तो डीसी आधी मोजून काढून टाकावा. संगणकासाठी मिळणारे पायऱ्यांच्या तरंगाचे इन्व्हर्टर या कामाला वापरू नयेत, त्यांच्या विषम हार्मोनिकांनी मोटर अधिकच कर्कश चालते.

डीसी मोटरचे गणित वेगळे

डीसी मोटरचा वेग व्होल्टेजवर आणि भारावर ठरतो, त्यामुळे इथे सावकाश सरकणारा वेग ही खरीखुरी मोटरची तक्रार असू शकते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मोटरला ९ व्होल्ट मिळत असतील आणि त्यांतले दीड व्होल्ट वायंडिंगच्या रोधात जात असतील, तर १० अंश तापल्यावर वेग ०.८ टक्क्यांच्या आसपास उतरतो. उलट फेराइट चुंबक तापल्यावर अंशाला ०.२ टक्क्यांच्या आसपास दुबळे होतात आणि दुबळ्या चुंबकाने वेग चढतो. वायंडिंग लवकर तापते आणि चुंबक सावकाश, म्हणून काही टर्नटेबलांचा वेग आधी उतरून मग चढताना दिसतो. अशा परिस्थितीत अत्यंत शुद्ध, शांत व्होल्टेज देणारा रेग्युलेटर लावला तरी घसरण थांबत नाही, कारण व्होल्टेज आधीही स्थिरच होते.

निदानासाठी मोटरच्या टोकांवरचे व्होल्टेज आणि तिचा प्रवाह थंड असताना व तासाभराने टिपावा. व्होल्टेज तेच, प्रवाह वाढलेला आणि वेग उतरलेला, तर घर्षण वाढले आहे. व्होल्टेजच बदलले असेल तर पॉवर सप्लाय, त्याचे कनेक्शन किंवा वेगाचे प्रीसेट (वेग लावायचे फिरवता येणारे लहान रेझिस्टर) दोषी आहेत. मोटरच्या पाठीशी लपलेले जुने प्रीसेट धुळीने आणि गंजाने नकळत मूल्य बदलतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते अनेकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवावेत, आणि तरीही वेग उड्या मारत असेल तर बहुफेरी प्रीसेट बसवावेत. प्रवाहाचा काटा सतत थरथरत असेल तर मोटरचे ब्रश झिजले आहेत. त्या स्थितीतल्या मोटरवर पॉवर सप्लायचा खर्च करू नये.

खरा उपाय म्हणजे प्लॅटरचा वेग मोजून त्याप्रमाणे मोटरला दुरुस्त करणारा फीडबॅक. आतल्या प्लॅटरखाली लहान चुंबक आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवला की दर फेऱ्याचा काळ मिळतो. मात्र ही दुरुस्ती घाईची असता कामा नये. एका फेऱ्याच्या मापावरून लगेच जोराची दुरुस्ती केली तर वेग एकदा वर, एकदा खाली असा हुडकत राहतो आणि काही सेकंदांच्या अंतराने येणारा, आधी नसलेला हेलकावा जन्माला येतो. अनेक फेऱ्यांची सरासरी घेऊन अगदी थोडी थोडी दुरुस्ती करणारी रचना प्लॅटरच्या जडत्वाला क्षणिक स्थैर्याचे काम करू देते आणि स्वतः फक्त तापमानाची घसरण भरून काढते.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटर बेल्टशिवाय थेट प्लॅटर फिरवते अशा टर्नटेबलमध्ये, हा विचार कारखान्यातच झालेला असतो. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणला आणि १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये क्वार्ट्झ लॉक, म्हणजे क्रिस्टलच्या तालाला वेग बांधून ठेवण्याची सोय, दिला. अशा यंत्रात मोटर बदलण्याचा विचार सोडावा. पॉवर सप्लायमधले जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलणे, प्रीसेट आणि स्विच साफ करणे आणि हम असेल तर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत बाहेर नेणे, एवढ्यात काम होते. मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये रबरी (आयडलर) चाक असलेल्या यंत्रांची मोटर इंडक्शन जातीची असल्याने तिच्यावर व्होल्टेजचाही परिणाम होतो. तिथे ठरावीक तालात ठोका ऐकू आला तर मोटर उघडण्याआधी रबरी चाकावर पडलेला सपाट डाग शोधावा.

नवी मोटर निवडताना आणि बसवताना

पर्यायी मोटर घेताना व्होल्टेज आणि फिरण्याची दिशा सगळेच पाहतात. पोलची संख्या मात्र निसटते. २४ पोलच्या जागी १६ पोलची मोटर बसवली तर ५० हर्ट्झवर ती २५० ऐवजी ३७५ फेरे घेते आणि पुली दोन तृतीयांश व्यासाची लागते. लहान पुलीवर बेल्टची पकड कमी असते आणि वक्रतेचा परिणाम त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून पर्याय असेल तर जास्त पोलची, सावकाश फिरणारी मोटर घ्यावी. जास्त ताकदीची मोटर चांगली, हा समज टिकणारा नाही. सुईची ओढ अगदी थोडी असते. दोन ग्रॅम भार असलेल्या सुईचे घर्षण एक ग्रॅमच्या आतच राहते. ताकद वाढली की तिच्यासोबत कंपनही वाढते.

कडक झालेले रबरी ग्रोमेट मोटरसोबतच बदलावेत आणि त्यांचे स्क्रू ग्रोमेट दबेपर्यंत आवळू नयेत. दबलेले रबर कंपन थेट पुढे पोचवते. मोटरचा दांडा प्लॅटरच्या दांड्याला समांतर असावा, नाहीतर बेल्ट पुलीवर वरखाली चढत राहतो आणि त्याची कड झिजते. प्लॅटर सावकाश हाताने फिरवून बेल्ट पुलीच्या एकाच उंचीवर धावतो का, हे झाकण लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

सगळे जागेवर आल्यावर टर्नटेबल अर्धा तास फिरू द्यावे आणि मगच वेग लावावा. १०० फेरे १८० सेकंदांत आले की सुई तबकडीच्या पहिल्या खोबणीत ठेवून पुन्हा मोजावे, आणि एकदा शेवटच्या गाण्यावर. सुई बाहेरच्या खोबणीत असताना आणि उचललेली असताना ०.१ टक्क्याहून अधिक फरक पडत असेल, तर मोटर थोडी मागे सरकवून बेल्टचा ताण किंचित वाढवावा किंवा पुली पुन्हा अल्कोहोलने पुसावी. फरक तरीही उरला तर बेअरिंग पुन्हा उघडावे. ही तिन्ही मापे तारखेसह टर्नटेबलच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी सूर उतरल्यासारखा वाटला की कोणता आकडा हलला तेवढेच पाहायचे राहते.